उंदरांच्या वतीने सत्कार

सोलापूरला लोक चादरी घ्यायला जातात, लग्नाला जातात, नाहीतर अक्कलकोटला जाताना तिथे गाडी बदलतात. मी उंदरांमुळे गेलो. ते उंदीर मरून आता चाळीसेक वर्षं झाली असतील. पण त्यांच्याबद्दल मी जे लिहिलं होतं ते अजून जिवंत आहे, आणि जुळे सोलापुरात आठ महिन्यांच्या एका मुलाला रोज सकाळी त्याच्या आईपासून लांब नेऊन ठेवतं आहे, हे मला फोनवर आलेल्या एका व्हिडिओतून कळलं.

व्हिडिओ मल्लिनाथनं पाठवला होता. त्यात त्याचा नातू सुती चिंध्या अंथरलेल्या निळ्या प्लास्टिकच्या टबात बसून रडत होता आणि मल्लिनाथ शेजारी हातातल्या घड्याळाकडे बघत उभा होता. मागे कुठेतरी बंद दारावर कुणीतरी थापा मारत होतं. खाली लिहिलं होतं, "सर, आपलं संशोधन. रविवारी तुमचा सत्कार ठेवलाय. नाही म्हणू नका."

हे संशोधन काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. पुण्यात मी एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायचो. मागच्या अंगणात पत्र्याची एक खोली होती, तिला आम्ही प्राणिगृह म्हणायचो. तिथे पांढरे उंदीर होते, आणि मल्लिनाथ माझा मदतनीस होता. उंदराच्या पिल्लाचे सुरुवातीचे दिवस कसे गेले यावर त्याचा मेंदू पुढे कसा चालतो, हे आम्हाला बघायचं होतं. काही पिल्लांना जन्मल्यापासून रोज तीन मिनिटं घरट्यातून उचलायचं, भुशाच्या डब्यात ठेवायचं आणि परत आईजवळ सोडायचं. काहींना हात लावायचा नाही. मोठे झाल्यावर एकेकाला मोठ्या रिकाम्या पेटीत मधोमध सोडायचं. घाबरलेला उंदीर भिंतीला चिकटतो आणि लेंड्या टाकतो. न घाबरलेला हिंडतो, हुंगतो, कोपरे तपासतो. लेंड्या मोजायचं काम मल्लिनाथकडे होतं आणि तो ते भक्तिभावानं करायचा.

पेटीतल्या या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मल्लिनाथ गावी गेला. पिंजऱ्यांना सुतळीनं बांधलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या उंदरांनी आत ओढल्या आणि खाऊन टाकल्या. कोण हाताळलेला आणि कोण नाही, हे सांगणारं काहीच उरलं नाही. तेव्हा मी एकेका पिंजऱ्यात हात घातला. जो उंदीर पळाला नाही त्याच्यावर नवी चिठ्ठी लावली, 'हाताळलेला'. जो पळाला तो 'न हाताळलेला'. मल्लिनाथ परत आल्यावर आम्ही परीक्षा घेतली. निकाल इतका स्वच्छ आला की विभागप्रमुखांनी पेढे वाटले. शूर उंदीर शूर निघाले आणि भित्रे भित्रे, दुसरं काय होणार. हे मी कुणालाच सांगितलं नाही. मल्लिनाथ पुढे सोलापूरला शाळेत विज्ञानशिक्षक झाला आणि माझे उंदीर बरोबर घेऊन गेला, म्हणजे डोक्यात.

ते उतरवून ठेवायला मी शनिवारी गाडीत बसलो.

स्टेशनपासून जुळे सोलापूर

मार्च नुकताच लागला होता, पण सोलापूरचं ऊन तारीख बघत नाही. पुण्यात ऊन डोक्यावर येतं, इथे ते समोरून चालत येतं. स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं माझी पिशवी माझ्याआधी आत ठेवली. सात रस्ता मागे पडला, मोठमोठ्या इमारती सुरू झाल्या, आणि एका चौकात मला मी दिसलो. फ्लेक्सवर माझा तरुणपणीचा फोटो होता. शेजारी माझ्या दीडपट आकाराचा पांढरा उंदीर, गळ्यात झेंडूचा हार. वर लिहिलं होतं, 'शूर बालकांचे शिल्पकार'. त्यातला शिल्पकार मी की उंदीर, ते स्पष्ट नव्हतं.

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं, मग फ्लेक्सकडे.

"तुमीच का ते उंदीरवाले?"

"मीच."

"आमच्या बारक्या पोरीला पण घातलंय की टबात. मास्तरांनी बायकोला पटवलं."

"काही फरक पडला?"

"पडला की. आता टब नुसता बघितला तरी मुतती." तो थोडा विचारात पडला. "मास्तर म्हणतात, लई शूर हुनार."

त्यानं माझ्याकडून भाडं घ्यायला नकार दिला. मी जबरदस्तीनं दिलं. निदान एवढं तरी.

मल्लिनाथचं घर

मल्लिनाथ तिसऱ्या मजल्यावर राहतो. केस गेलेत, मिशा राहिल्यात, आणि माझ्यासमोर अजून तो वर्गात उभा राहावा तसा उभा राहतो. पाया पडला. मी मागे सरकलो तर सोफ्यावर बसलो. त्याची बायको महानंदा, अक्कलकोटकडची, हसतमुख आणि घाईतली, तिनं पाण्याआधीच ताट मांडलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आंबट चुक्याची भाजी, वर तेल. पुण्यात आम्ही चटणी ताटाच्या डाव्या बाजूला चिमटीभर वाढतो. इथे ती मूठभर वाढतात आणि भाकरी तोंडी लावतात. कडक भाकरी पापडासारखी मोडते. माझ्या कवळीचं आणि तिचं पहिल्याच घासाला जमलं नाही. वहिनींनी न विचारता ती आमटीत बुडवून दिली.

मुलगा सचिन बँकेत आहे. तो मान खाली घालून जेवत होता. सून स्नेहल बार्शीची, नातवाला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नातू विहान गुटगुटीत, डोळे मोठे. तिनं मला नमस्कार केला आणि लगेच विचारलं, "काका, तुमच्या मुलांना तुम्ही ठेवलं होतं का हो टबात?"

"नाही," मी म्हणालो.

"का बरं?"

"स्नेहल," मल्लिनाथ म्हणाला, "सरांना जेवू दे."

मी मनात ठरवलेलं वाक्य काढणार इतक्यात मल्लिनाथनं हिशेब सांगायला सुरुवात केली. "सर, पिल्लू केवढं? पाच-सहा ग्रॅमचं. त्याला आपण तीन मिनिटं बाहेर काढायचो. आता विहान बघा. वजनाच्या मानानं काढलं तर दोन-तीन दिवस बाहेर ठेवायला लागतंय. पण मी काय कसाई नाही. तासावर आणलं."

"तास?"

"नाष्ट्यानंतर. ती आतल्या खोलीत, हा गच्चीत. सुरुवातीला ती दार वाजवायची. आता शिकली."

स्नेहल आत निघून गेली. आता सांगायलाच हवं होतं, पण वहिनी भात घेऊन उभ्या होत्या आणि सचिन माझ्याकडे आशेनं बघत होता. खरं सांगण्याऐवजी मी त्याच्या कडेचं काहीतरी सांगितलं. म्हणालो, "मल्लिनाथ, नंतर लोकांनी बघितलं, त्यात असं निघालं की पिल्लू परत ठेवल्यावर आई त्याला खूप चाटते. त्या चाटण्यानं त्याचा धीर वाढतो. उचलण्यानं नाही. आणि जास्त वेळ लांब ठेवलं तर उलटंच होतं, ते जन्मभर दचकत राहतं."

मल्लिनाथ जेवायचा थांबला. माझं वाक्य त्याला पोचलं होतं, मला हायसं वाटलं. त्या रात्री मी लवकर झोपलो.

गच्ची

सकाळी गच्चीत गेलो तर टबाशेजारी कोमट पाण्याचं भांडं आणि नवा कोरा स्पंज होता.

विहान टबात रडत होता. रडता रडता थकला, मग टबाच्या कडेला गाल लावून जिन्याच्या दाराकडे बघत बसला. मी असा बसलेला उंदीर पाहिलेला आहे. तास संपला तसा मल्लिनाथनं स्पंज ओला केला आणि नातवाचं डोकं, मान, पाठ खालून वर, खालून वर पुसायला घेतली. विहान पुन्हा रडायला लागला.

"हे काय करतोस?"

"चाटणं," मल्लिनाथ गंभीरपणे म्हणाला. "तुम्ही काल सांगितलं ते. आजपासून लागू केलं. जिभेचा खरखरीतपणा यायला स्पंज बरा, टॉवेलनं पोराला काय कळंना."

"अरे, ते आईनं करायचं असतं."

"तिला जमत नाही सर. ती नुसतं छातीशी धरून बसते."

वहिनी पापड वाळत घालत होत्या. त्या न बघता म्हणाल्या, "म्हशीला पन एवढं घासत न्हाईत."

खाली आलो तेव्हा स्नेहलनं मुलाला घेतलं, त्याचं ओलं डोकं पदरानं टिपलं आणि माझ्याकडे न बघता बोलली. "काका, अजून काय काय सांगायचं राहिलं असेल तर आजच सगळं सांगून टाका. रोज एक नको."

तिचं बरोबर होतं. मी म्हणालो, "आज सांगतो."

तळ्याकाठी

दुपारी मल्लिनाथ मला सिद्धेश्वराच्या देवळात घेऊन गेला. देऊळ पाण्यात आहे, आणि पुलावरून चालताना उन्हातही गार वारा लागतो. आम्ही काठावरच्या पायरीवर बसलो. बाजूला एक बाई माशांना लाह्या टाकत होती आणि मासे नको तितके वर येत होते.

"मल्लिनाथ, ते उंदीर," मी सुरुवात केली.

"त्या उंदरांनी मला माणूस केलं सर," तो म्हणाला. "मी लई भित्रा होतो. शाळेत गुरुजींनी नाव विचारलं तरी मला नाव आठवत नसे. पेटीतल्या कोपऱ्यात बसलेला उंदीर बघितला की वाटायचं, हा मीच. आणि मग कळलं, त्यात त्याचा दोष नाही, त्याला कुणी उचललंच नव्हतं. तेवढ्यानं माझा जीव हलका झाला."

माशांची झुंबड वाढली. तो पुढे म्हणाला, "सचिनच्या वेळी मला वेळ मिळाला नाही. शाळा, शिकवण्या. बघताय ना कसा झालाय, साहेबानं बघितलं की घाम फुटतो. विहानचं तसं व्हायला नको. सून मला राक्षस समजते. समजू दे."

मी पाण्याकडे बघत राहिलो. खोट्या चिठ्ठीनं एका माणसाचा जीव हलका होऊ शकतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता. ती काढून घ्यायला मी इतक्या लांबून आलो होतो. सूर्य कलायला लागला तरी मला वाक्य सुचेना. मग मल्लिनाथ उठला आणि म्हणाला, "चला, मंडपात लोक आले असतील."

मंडप

सोसायटीच्या मोकळ्या जागेत मंडप होता. आमच्याकडे पुण्यात सत्कार म्हणजे शाल, नारळ आणि घड्याळाकडे बघणारे श्रोते. सोलापुरात शालीऐवजी चादर पांघरतात, जाड, मोरांची, आणि ती तुम्ही खाली बसेपर्यंत काढायची नसते. त्या उकाड्यात मला चादर पांघरली, फेटा बांधला आणि माईक दिला. समोर पन्नासेक माणसं आणि पुढच्या रांगेत मुलांना मांडीवर घेतलेल्या बाया.

घाम डोळ्यांत जात होता. मी सगळं सांगितलं. पुठ्ठा, सुतळी, रिकामे पिंजरे, माझा हात, नव्या चिठ्ठ्या. "या प्रयोगाला काहीही अर्थ नाही," मी म्हणालो. "कृपा करून मुलांना टबातून काढा."

मग टाळ्या. आधी मागून, मग सगळीकडून. सोसायटीचे अध्यक्ष, पांढरा शर्ट घातलेले भारदस्त गृहस्थ, माझ्या हातातून माईक घेऊन म्हणाले, "बघा, याला म्हणतात मोठेपणा. खरा विद्वान कधी म्हणत नाही, मी केलं. म्हणतो, मी काहीच केलं नाही. आपल्यातलं कोण असं बोलेल?" पुन्हा टाळ्या. एका आजीनं डोळे पुसले. मल्लिनाथचा चेहरा अभिमानानं उजळला होता. विनय म्हणून ऐकायचं ठरवलं की माणसं कबुलीजबाबही विनय म्हणूनच ऐकतात.

मग प्रात्यक्षिक जाहीर झालं. मंडपाच्या मधोमध एक मोठी चादर अंथरली. मल्लिनाथ म्हणाला, "चार मुलं आणलीत. दोन टबात बसणारी, त्यांच्या पायात मोज्याखाली लाल फीत. दोन न बसणारी, त्यांना हिरवी. मधोमध सोडायची. सर नुसतं बघून सांगतील, कोण कुठलं. ती नजर जगात त्यांनाच आहे."

याच नजरेनं मी तेव्हा उंदरांना चिठ्ठ्या लावल्या होत्या.

पहिलं मूल चादरीवर ठेवलं. तळमजल्यावरच्या परवीनची मुलगी, दोन दात. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि सरळ रांगत माझ्याकडे आली. माझ्या चपलेचा अंगठा तोंडात घातला, आवडला नाही, तशी फेट्याचं लोंबतं टोक ओढायला लागली. लोक हसले.

"हाताळलेली," मल्लिनाथ जोरात म्हणाला. "सर?"

"मला सांगता येणार नाही," मी म्हणालो.

"विनय," अध्यक्ष माईकवर म्हणाले.

मल्लिनाथनं मोजा खाली केला. फीत हिरवी होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बांधताना चूक झाली," आणि हिरवी सोडून खिशातली लाल बांधायला लागला.

"क्या करते मास्टर," परवीन पुढे आली. "येच बरोबर था. मेरी बच्ची को कब बिठाये टब में? रडते म्हणून मी पहिल्याच दिवशी न्हाई म्हणाले होते की."

"तुझ्या सासूनं बसवली असेल गुपचूप."

"सासू मालेगाव में है."

"मग बसवलीच असेल," मल्लिनाथ म्हणाला आणि गाठ मारली.

दुसरा विहान. स्नेहलनं त्याला चादरीच्या मधोमध ठेवलं आणि सासऱ्यांनी खूण केली तशी लांब झाली. विहान हलला नाही. हात दोन्ही चादरीवर, डोळे मोठे. त्यानं मान वळवून आईला शोधलं, ती माणसांत दिसली नाही, आणि तो इतका रडला की श्वास अडकून आवाजच बंद झाला, नुसतं तोंड उघडं राहिलं. चादर त्याच्याभोवती ओली झाली. मंडपात कुणी हसलं नाही.

मल्लिनाथ गुडघ्यांवर बसला आणि नातवाचा मोजा खाली करू लागला. त्याच्या दुसऱ्या हातात मघाची हिरवी फीत होती.

मी फेट्यासकट चादरीवर उतरलो. उतरलो म्हणजे पडलो, कारण अंगावरची चादर पायात आली. तसाच सरपटत त्याच्याजवळ गेलो आणि त्याचं मनगट धरलं. माईक लांब होता.

"मल्लिनाथ, तू गावी गेला होतास तेव्हा मी हेच केलं होतं."

"काय, सर?"

"आत्ता तू करतोस ते. अगदी असंच. जो भ्याला त्याला 'न हाताळलेला' चिठ्ठी लावली."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या फितीकडे, मग परवीनच्या मुलीच्या पायातल्या लाल फितीकडे, जी ती आता चोखत होती. मघाशी माईकवर मी जे सांगितलं ते त्याच्यापर्यंत आत्ता आलं. त्याच्या ओठांवरून मला दिसलं, तो मनात लेंड्या मोजत होता, चाळीस वर्षांपूर्वीच्या, एकेका उंदराच्या.

"म्हणजे कोपऱ्यात बसलेला तो," तो हळूच म्हणाला, "त्याला उचललेलं पण असंल."

"असेल. मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

स्नेहल चपला न काढता चादरीवर आली, मुलाला उचललं आणि निघाली. तिच्यामागे सचिन उठला. वडील समोर बसलेले असताना तो उठला आणि चालायला लागला, हे बघून अध्यक्ष माईकवर काही बोलायचे राहिले. मग म्हणाले, "आता अल्पोपाहार."

निघताना

सोमवारी सकाळी नाष्टा झाला. उप्पीट होतं, कुणी नीट खाल्लं नाही. वहिनींनी टब आधीच गच्चीतून आणून त्यात धुणं भिजत घातलं होतं. मल्लिनाथनं ते बघितलं.

नेहमीची वेळ झाली तसा तो सवयीनं उठला. आतल्या खोलीच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. दार उघडंच होतं. स्नेहल पलंगावर बसून विहानला मांडीवर घेऊन त्याचे कान पुसत होती. मल्लिनाथ उंबऱ्यावर तसाच उभा. आत जावं की मागे फिरावं हे त्याला कळत नव्हतं, आणि हात कुठे ठेवावेत हेही.

"मामा, आत या की," ती सासऱ्यांना म्हणाली. आवाज काही गोड नव्हता. "घ्या याला. पण हितंच बसा, माझ्यासमोर. गच्ची नाही, घड्याळ नाही."

तो जमिनीवर बसला. तिनं विहानला त्याच्या मांडीत दिलं. विहान आधी ताठ झाला, आईकडे बघितलं. ती तिथेच होती, मग त्यानं आजोबांची मिशी धरली. मल्लिनाथ हललाच नाही. दोन्ही हात अधांतरी धरून बसला होता, मुलाला न टेकवता.

मी पिशवी घेऊन दारात उभा होतो. त्यानं माझ्याकडे मान वळवली, मिशी सुटणार नाही इतपत.

"सर, आता याला घेऊन काय करायचं असतं?"

"मला विचारू नकोस," मी म्हणालो. "तिला विचार."

त्यानं स्नेहलकडे बघितलं. पुढे वाकून तिनं त्याचे दोन्ही हात धरले आणि मुलाच्या पाठीवर ठेवले.